त्याच जागी ब्रेक

चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. पुढे रस्त्यात चितळ उभं दिसतं. चालक ब्रेक दाबतो आणि मोटार चितळाला जेमतेम न शिवता थांबते. आता तीच मोटार, तोच रस्ता, चितळही तिथेच. ब्रेक त्याच जागी आणि तितक्याच जोराने दाबला, फक्त वेग ताशी ५० होता. मोटार चितळाला किती वेगाने धडकेल?

गतिज ऊर्जेवरच्या प्रश्नांत हा माझा सर्वांत आवडता. घडण माझी नाही. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांत तो वेगवेगळ्या वेशांत फार दिवस फिरतो आहे. कुठे चितळाच्या जागी भिंत असते, कुठे रस्ता ओलांडणारं शाळकरी पोर. चितळ मी घातलं, कारण लोहारा सोडून चिचपल्लीच्या बाजूला लागलं की दोन्हीकडचं जंगल रस्त्याला भिडतं, आणि तिथे हा प्रश्न वहीपुरता राहत नाही.

ऐकणारा बहुधा पटकन सांगतो, दहा. वेग दहाने जास्त होता, दहाच उरणार. प्रश्नाचा डाव इथेच आहे. ४० आणि ५० हे आकडे इतके शेजारी-शेजारी ठेवलेत की मन वजाबाकी करून मोकळं होतं. उत्तर आहे ३०. ब्रेक मोटारीची गतिज ऊर्जा खातो. बल तेवढंच, अंतर तेवढंच, म्हणून दोन्ही वेळा खाल्लेली ऊर्जाही तेवढीच. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, तेव्हा पहिल्या वेळची १६०० भाग धरू. ती सगळी संपली. दुसऱ्या वेळी मोटार २५०० भाग घेऊन आली. त्यातले १६०० गेले, ९०० उरले, आणि ९०० चं वर्गमूळ ३०.

आता प्रश्न पुन्हा वाचावा, सावकाश. मोटारीचं वस्तुमान दिलेलं नाही. चितळ किती मीटरवर होतं तेही नाही. ब्रेकचं बल नाही, डांबर कोरडं की ओलं याचा पत्ता नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर निम्मा वर्ग 'अपुरी माहिती' म्हणून सोडून देईल. पण अपुरं काहीच नाही. सगळा भार 'त्याच जागी' आणि 'तितक्याच जोराने' या दोन शब्दजोड्यांनी उचलला आहे. त्या ज्याला नीट ऐकू आल्या त्याला बाकी काही लागत नाही, आणि ज्याला नाही आल्या त्याला वस्तुमान देऊनही उपयोग नाही. ओवीत एक शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये, तशी ही बांधणी आहे.

आकड्यांची निवडही पाहण्यासारखी. तीन, चार, पाच. शुल्बसूत्रांत यज्ञाची वेदी आखताना काटकोन साधायला जे त्रिकूट कामाला येतं, तेच इथे ब्रेकखाली येऊन बसलंय. ४० च्या पुढे ४५ घेतले असते तर उत्तर वीस पूर्णांक साठ-बासष्ट असं काहीतरी ओबडधोबड आलं असतं आणि बघणाऱ्याचं लक्ष दशांशातच अडकलं असतं. ६० घेतले तर वेगळाच चटका बसतो. ३६०० मधून १६०० गेले, २००० उरले, वेग जवळजवळ ४५. म्हणजे पहिली मोटार मुळात ज्या वेगाने चालली होती त्याहून जास्त वेगाने ही दुसरी धडकते, तीही पूर्ण ब्रेक दाबून! तरीही मी ५० वालाच प्रश्न वरचा मानतो. ६० चं उत्तर धक्का देतं. ५० चं उत्तर धक्का देऊन वर विचार करायला बसवतं.

कारण सूत्र लावून ३० आलं तरी मन म्हणतं, हे खरंच असं का? इथे सूत्र बाजूला ठेवून नुसतं मोजत जावं. ब्रेकचा जोर एकसारखा असेल तर दर दहाचा वेग उतरायला सारखाच वेळ लागतो. पण त्या सारख्या वेळात मोटार सारखं अंतर कापत नाही. ५० वरून ४० वर येताना सरासरी वेग ४५, पुढच्या टप्प्यात ३५, मग २५, १५ आणि शेवटी ५. अंतरं पडतात नऊ, सात, पाच, तीन, एक अशा प्रमाणात. ४० वाल्या मोटारीला थांबायला सात, पाच, तीन आणि एक, असे सोळा भाग रस्ता लागला. ५० वालीने तेवढ्याच सोळा भागांत काय केलं? नऊ आणि सात, झाले सोळा. पहिलीने चार पायऱ्या उतरल्या तेवढ्या रस्त्यात हिने दोनच उतरल्या, आणि ती ३० वर असतानाच चितळ आलं.

नऊ आणि सात बरोबर सात, पाच, तीन, एक. इथे मला दर वेळी दाद द्यावीशी वाटते. विषम संख्या एकापासून ओळीने मिळवत गेलं की वर्ग तयार होतात, हे शाळकरी पोरालाही दाखवता येतं. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून हेच प्रमाण पाहिलं आणि १६३८ च्या ग्रंथात मांडलं. त्याचे गोळे वेग घेत होते, आपली मोटार सोडते आहे, एवढाच फरक. सूत्रातला वर्ग असा रस्त्यावर पसरलेला दिसतो. वेगात असताना मोटार जमीन भराभर खाते, ब्रेकला त्या जमिनीवर काम करायला वेळच मिळत नाही.

प्रश्नात एक लबाडीही आहे, ती सांगायला हवी. चितळ दिसलं त्या क्षणी आणि ब्रेक लागला त्या क्षणी मोटार एकाच जागी होती असं तो धरून चालतो. माणसाचा पाय ब्रेकवर जायला सेकंदभर तरी जातो. तेवढ्यात ४० वाली ११ मीटर पुढे सरकते, ५० वाली जवळजवळ १४. कोरड्या डांबरावर ४० च्या वेगाला थांबायला साधारण ९ मीटर लागतात. हे सगळं धरून गणित केलं तर ३० च्या जागी ३७ येतं. प्रश्न चालकाला सवलत देतो आहे.

नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यात गतिज ऊर्जेचं सूत्र येतं: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचा अर्धा. तीन-चार ओळींत ते सिद्धही होतं. मग गाइडवाले अमुक किलोची वस्तू तमुक वेगाने जाते, ऊर्जा काढा, अशी गणितं रांगेने लावतात. सूत्रात आकडे भरा, ज्यूल लिहा, मार्क घ्या. यात रस कुठून येणार? त्यातल्या त्यात 'वेग दुप्पट केला तर ऊर्जा किती पट' हा एका ओळीचा प्रश्न बरा. तोही वस्तुमान मागत नाही, आणि 'दुप्पट' म्हणणाऱ्याला अलगद पकडतो.

खरं तर युरोपातले मोठमोठे लोक याच जागी पकडले गेले होते. चालत्या वस्तूचा जोर वेगाच्या पटीत मोजायचा की वर्गाच्या, यावर लायब्नित्सने १६८६ मध्ये वाद उकरून काढला आणि तो पुढची काही दशकं चालला. हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडेने पितळेचे गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खळगा चौपट होत होता. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात तो प्रयोग लायब्नित्सच्या बाजूने उभा केला. न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतरही तिचंच, ते तिच्या मृत्यूनंतर १७५९ मध्ये पूर्ण छापलं गेलं. सूत्रातला 'अर्धा' फार उशिरा, १८२९ च्या सुमारास कोरिओलिसने पक्का केला. चितळाच्या प्रश्नात तो अर्धाही गळून जातो, हे जाता जाता.

वस्तुमान गळतं म्हणून ते बिनकामाचं असं मात्र नाही. सुरजागडहून लोहखनिज भरलेले ट्रक एटापल्ली, आलापल्ली करत आष्टीकडे येतात. भरलेला ट्रक ४० टनांचा आणि वेग ताशी ४० धरला तर तो थांबताना जवळपास अडीच मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकच्या ड्रमांत उष्णता होऊन उतरते. सात-आठ लिटर पाणी उकळीला आणायला तेवढीच लागते. वेग ८० केला तर तीस लिटर. ड्रम का तापतात, उतारावर ब्रेक का सुटतात, हे त्या तीस लिटरांत आहे. किती अंतरावर थांबेल याला वस्तुमान फारसं विचारत नाही. थांबताना काय काय जळेल, मोडेल, त्याला विचारतं.

रेल्वेचा प्रश्न याहून कठीण. बल्लारशाह-गोंदिया मार्ग चांदा फोर्ट सोडला की जंगलात शिरतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच मार्गावर जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे पॅसेंजर गाडीखाली गेले. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, घर्षण डांबरापेक्षा कितीतरी कमी. ताशी १०० वेगाच्या गाडीला जोराचा ब्रेक लावूनही सुमारे अर्धा किलोमीटर लागतो. जंगलात, त्यातही वळणावर, तेवढं लांबचं दिसत नाही. ५० वर आणली तर तेच अंतर सव्वाशे मीटरच्या आसपास येतं. जंगलातल्या मार्गांवर वेगमर्यादा मागणारे लोक खरं तर त्या वर्गाचा चौथा हिस्सा मागत असतात.

पाण्याकडे वळलं की प्रश्नाची जात बदलते. भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की तालुका जगापासून तुटतो. पाणी गुडघाभरच आहे, जाऊ की, असं म्हणणारा माणूस खोली मोजतो. इथे विचारावा असा प्रश्न: पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरवरून ३ मीटर झाला, तर पायांवरचा रेटा किती पट? नऊ पट. एक पाय १५ सेंटीमीटर रुंद आणि अर्धा मीटर पाण्यात धरला, तर १ मीटरच्या वेगाला दोन्ही पायांवर मिळून सात-आठ किलोचा रेटा बसतो. ३ मीटरला तोच अडुसष्ट किलोच्या घरात जातो. एका माणसाने आडवं होऊन ढकलावं इतका. पाण्याची उंची दोन्ही वेळा गुडघाभरच होती. आणि पुढे आणखी एक पायरी आहे: दर सेकंदाला पुलावरून जाणारी गतिज ऊर्जा नऊ पट होत नाही, सत्तावीस पट होते, कारण पाणी नुसतं जास्त ऊर्जेचं नसतं, तेवढ्याच वेळात ते तिप्पट येतं. वर्गाच्या प्रश्नात घन कसा शिरला, हे ज्याला सांगता येईल त्याला धडा समजला असं मी मानतो.

शेवटचा प्रश्न चंद्रपूरच्या वेशीवरचाच. दुर्गापूर-ऊर्जानगरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. तिथले रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतात. अक्षापासून १ मीटरवरचा लोखंडाचा कण सेकंदाला ३१४ मीटर धावत असतो, आवाजाच्या वेगाच्या जवळपास. देशात कुठेतरी अचानक वीज जास्त खेचली गेली तर बॉयलरला कळण्याआधी ही फिरती ऊर्जा ती तूट भरते, आणि त्या बदल्यात रोटर किंचित मंदावतो. रामगुंडमचं औष्णिक केंद्र इथून फार दूर नाही, तरी तिथले रोटर पूर्वी चंद्रपूरच्या रोटरांशी ताल जुळवून फिरत नव्हते. पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी वेगळी होती, आणि भद्रावतीच्या केंद्रात वीज डीसी करून, पुन्हा एसी करून पलीकडे द्यावी लागे. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं बाकी देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून दोन्हीकडचे रोटर एकाच ठेक्यात फिरतात. तूट पडली की आता सगळे मिळून मंदावतात.

तर प्रश्न असा. जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवरून ४९.५ वर आली. रोटरने आपल्या गतिज ऊर्जेतली किती टक्के दिली? वारंवारतेबरोबर रोटरचा वेगही एक टक्क्याने घटला, म्हणून घाईने एक टक्का सांगू नये. ०.९९ चा वर्ग ०.९८०१. दिलेली ऊर्जा दोन टक्क्यांच्या किंचित आत. बदल इतका लहान असला की वर्ग नुसता दोनाचा गुणाकार होऊन बसतो. त्याचं असं सौम्य रूप चितळाच्या प्रश्नात बघायला मिळत नाही, म्हणून हा प्रश्न मी त्याच्या नंतर विचारतो, आधी नाही.