लूपवर लावलंयस का?

एरिक सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’ तुम्ही ऐकलेली आहे, नाव माहीत नसलं तरी. झोपेच्या, अभ्यासाच्या प्लेलिस्टमध्ये ती हमखास सापडते. १८८८ सालची ही पियानोरचना वरवर इतकी सोपी, की माझ्यासारखे नवशिके तिच्यावर तुटून पडतात.

डावा हात पहिल्या मात्रेला खालचा एक स्वर देतो, दुसऱ्या मात्रेला वरचा कॉर्ड. तीन मात्रांचा हा झोका क्वचितच सुटतो. शिवाय एकूण ७८ बारांपैकी ३९ संपले, की जवळपास तेच पुन्हा. मी फोनवर रेकॉर्ड करून बहिणीला ऐकवलं. दुसरा भाग सुरू होताच ती म्हणाली, “लूपवर लावलंयस का?”

लागलं ते. मग मी भाव ओतायला लागलो. प्रत्येक कॉर्डाआधी थबकायचं, प्रत्येक ओळीच्या शेवटी उसासा. हे तर आणखी वाईट! दर वेळी त्याच जागी तेवढंच थांबलं, की त्या थांबण्याचाही लूप होतो. तबल्याच्या साथीला लेहरा धरणारा हार्मोनियमवाला असा रेंगाळू लागला तर तबलजी काय म्हणेल? सातीचा डावा हात म्हणजे लेहराच.

राइनबर्ट द लेऊ ही रचना कमालीची संथ वाजवतो, आल्दो चिक्कोलिनी चालत्या गतीत. मला चिक्कोलिनी जास्त पटतो. तो उगाच हळवा होत नाही, त्यामुळे जिथे किंचित थांबतो तिथे कान टवकारतात.

आणि थांबण्याची खरी जागा एकच आहे, असं मला आता वाटतं. पहिला भाग मेजर कॉर्डावर मिटतो, दुसरा मायनरवर. ‘डी’ला षड्ज मानलं, तर शुद्ध गंधाराच्या घरी कोमल गंधार येऊन बसतो. त्याच्या आधीचा कॉर्ड एक श्वास जास्त लांबवला तर पुरतं. पण पहिल्या भागाच्या शेवटीच सगळा उसासा खर्च केला असेल, तर इथे हातात काही उरत नाही. इंटरनेटवरचे कितीतरी हौशी वादक नेमकं हेच करतात.

परवा बहिणीला पुन्हा ऐकवलं. ती मोबाइलमध्येच होती. शेवटच्या कॉर्डाला मान वर करून म्हणाली, “आत्ता काय झालं?”

अजून चारांतून एकदाच जमतं. बाकी तीनदा मी आधीच थांबून बसतो.