रिलीज नोट्स : मुक्तस्रोत डेटाबेसमधील एका लेखनप्रकाराची समीक्षा

प्रस्तावना :
संगणकप्रणालीची नवी आवृत्ती प्रसिद्ध होताना तिच्यात काय बदलले हे सांगणारे टिपण सोबत दिले जाते. त्यास 'रिलीज नोट्स' म्हणतात. साहित्यसमीक्षेच्या कक्षेत हे लेखन सहसा येत नाही. तथापि संशोधकांचे प्रबंध ज्या 'शोधगंगा'वर जतन होतात, ती 'डीस्पेस' या मुक्तस्रोत प्रणालीवर उभी आहे आणि डीस्पेसमधील नोंदी सामान्यतः पोस्टग्रेस-क्यूएल या डेटाबेसमध्ये साठवल्या जातात. त्यामुळे लोह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकाचाही या लेखनाशी संबंध येतो. प्रस्तुत लेखात पोस्टग्रेसच्या 8.3 या आवृत्तीचे (4 फेब्रुवारी 2008) टिपण विचारात घेतले आहे.

लेखन व परीक्षण :
पोस्टग्रेसच्या मुख्य आवृत्त्यांच्या टिपणांचा मसुदा दीर्घकाळ प्रामुख्याने ब्रूस मोमजियन यांनी केला. बदलांच्या असंख्य नोंदी वाचून त्यांतील निवडक नोंदी सोप्या वाक्यांत मांडावयाच्या, असे त्याचे स्वरूप असते. नंतर इतर विकासक मसुदा उघडपणे तपासतात. तपशील चुकला काय, कोणाचे श्रेय राहिले काय, वापरणाऱ्यास न जाणवणारा बदल नोंदवावा काय, असे प्रश्न तेथे उपस्थित होतात. अर्थात हे लेखन मूलतः संपादनाचे आहे.

दोन नोंदी :
8.3 मधील 'हॉट' ही सुधारणा पवन देवलासी यांच्या नावे नोंदली असून इतर अनेकांच्या कल्पनांचाही तेथेच उल्लेख आहे. नोंद बदलल्यावर जुन्या प्रतीने अडवलेली जागा आपोआप मोकळी होते, हा लाभ सांगतानाच अनुक्रमणिकेतील रकाने बदललेले नसावेत ही अटही टिपण सांगते. लाभासोबत अट सांगणे हा या लेखनाचा पहिला गुण होय.

दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. संख्या, तारीख इत्यादींचे मजकुरात आपोआप होणारे रूपांतर या आवृत्तीत बंद झाले. पूर्वी 2007-12-31 ही तारीख अवतरणचिन्हांविना लिहिल्यास यंत्र वजाबाकी करून 1964 ही संख्या काढी आणि तिची तारखेशी मजकूर म्हणून तुलना करी. उत्तर चुकीचे येई, पण तक्रार होत नसे. नव्या आवृत्तीत तेथे त्रुटी दाखवली जाते. साहजिकच अनेक जुन्या आज्ञा अडल्या. टिपणाने ही अडचण झाकली नाही. आढाव्यानंतर लगेच, सुधारणांच्या सविस्तर यादीपूर्वी, ती कारणासह मांडली.

मर्यादा :
कंसातील नावांत संहिता लिहिणाऱ्यास स्थान मिळाले, परंतु परीक्षक व चाचणी घेणारे बहुधा अदृश्य राहिले. 10 व्या आवृत्तीपासून (2017) त्यांचीही स्वतंत्र नामावली दिली जाऊ लागली, ही स्वागतार्ह दुरुस्ती होय. दुसरी मर्यादा वाचकाविषयीची आहे. हे टिपण इंग्रजी जाणणारा निष्णात व्यवस्थापक गृहीत धरते. ग्रामीण महाविद्यालयात मात्र ही जबाबदारी अनेकदा ग्रंथपाल किंवा लिपिकाकडे असते. इशारा छापलेला असूनही त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही आणि नोंदींची सुरक्षितता धोक्यात येते.

निष्कर्ष :
काय नवे आले याइतकेच काय बंद झाले हे स्पष्टपणे सांगणे, ही या लेखनप्रकाराची खरी कसोटी आहे. 8.3 चे टिपण या कसोटीस उतरते. ते वाचकाच्या भाषेत नेणे हे काम मात्र शिल्लक आहे. मराठी व संगणकशास्त्र विभागांनी मिळून दरवर्षीच्या आवृत्तीतील निदान 'स्थलांतर' हा भाग जरी मराठीत आणला, तरी ते आंतरविद्याशाखीय अध्यापनाचे उपयुक्त उदाहरण ठरेल.