जाळीदार उठावकाम : हस्तअवजारांचे तंत्र आणि मुलचेरा परिसरातील काष्ठकलेचा प्रश्न

प्रास्ताविक

काष्ठशिल्पाची चर्चा करताना आकृती, प्रतीके आणि परंपरा यांचा विचार विपुल प्रमाणात होतो. ती आकृती लाकडातून कशी बाहेर काढली गेली, याचा विचार मात्र अभावानेच आढळतो. परिणामी कलाकृतीचे मूल्यमापन 'बारीक काम', 'नाजूक नक्षी' अशा ढोबळ शेऱ्यांवर थांबते. प्रस्तुत लेखात जाळीदार उठावकाम या तंत्राचे स्वरूप स्पष्ट करून, गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा व लगतच्या वनपरिसराच्या संदर्भात त्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. या परिसराची ओळख जाळीकामासाठी नाही, लाकडासाठी आहे. जेथे उत्तम सागवान वाढते तेथील कारागिराचे त्या सागवानाशी नाते काय, हा या चिकित्सेचा मूळ प्रश्न आहे.

तंत्राचे स्वरूप

साध्या उठावकामात आकृतीभोवतीची पार्श्वभूमी खोल नेली जाते, परंतु फळी अखंड राहते. जाळीदार उठावकामात पार्श्वभूमीचा काही भाग पूर्णपणे काढून टाकला जातो आणि प्रकाश आरपार जातो. काश्मीरची पिंजराकारी बारीक पट्ट्या एकमेकींत गुंतवून उभी राहते. तेथे भाग जोडत जावे लागतात. जाळीदार उठावकामात याच्या उलट, एकाच फळीतून वजा करीत जावे लागते. जोडकामातील चुकलेली पट्टी बदलता येते, वजाबाकीत चुकलेला घाव भरून काढता येत नाही.

कामाचा क्रम ठरलेला असतो. मुरलेल्या, सुमारे २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या फळीवर आराखडा उतरवून काढावयाचे भाग रेखांकित केले जातात. फळीखाली टाकाऊ लाकूड धरून सामत्याने किंवा गिरमिटाने प्रत्येक भागात भोक पाडले जाते. खालचा आधार नसेल तर मागील बाजूने ढलप्या उडतात. धनुष्याकृती करवतीचे बारीक पाते एका टोकाने सोडवून भोकातून ओवले जाते आणि रेषेपासून किंचित आत राहून भाग कापला जातो. त्यानंतर फळी दुसऱ्या जाड फळीवर कागद मध्ये घालून सरसाने चिकटविली जाते. छिद्रे पाडल्यामुळे दुबळी झालेली फळी मोगरीचे घाव या आधारावर सोसते, आणि काम संपल्यावर कागदाच्या थरातून ती अलगद सुटते. पुढे पटाशी व गोल पटाशी यांनी उंच भागाकडून सखल भागाकडे उठाव घडविला जातो.

शेवटची पायरी दर्शनी बाजूस दिसत नाही, तथापि ती निर्णायक आहे. फळी उलटी करून छिद्रांच्या कडा मागून तिरप्या तासल्या जातात. त्यामुळे समोरून पाकळीची कड पातळ भासते, परंतु तिच्या मध्यभागी जाडी आणि बळ शिल्लक असते. जाळीकामातील नाजूकपणा हा बव्हंशी असा निर्माण केलेला भास असतो. इंग्लंडमध्ये ग्रिन्लिंग गिबन्स (१६४८–१७२१) याने लिंडन लाकडात घडविलेली फुलाफळांची तोरणे आजही टिकून आहेत. मऊ, एकजीव लाकडाची निवड आणि मागून केलेली ही तासणी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

मूल्यमापनाचा निकष

यावरून एक निकष हाती येतो. जाळीदार उठावकामाचे मूल्य किती लाकूड काढले यावर ठरत नाही. जे उरले ते एकमेकांना कसे धरून आहे यावर ठरते. लाकूड रेषेच्या दिशेने बळकट आणि रेषेला आडवे दुबळे असते. म्हणून आडवी जाणारी अरुंद वेल कितीही रेखीव असली तरी ती कोणत्या तरी पानाला, देठाला किंवा चौकटीला टेकलीच पाहिजे. उत्तम आराखड्यात हे टेकू नक्षीचाच भाग होतात. सुमार आराखड्यात ते ठिगळासारखे दिसतात.

सागवानाच्या बाबतीत हा निकष अधिक कठोर होतो. सागवानात मोठ्या छिद्रांचा भरड थर आणि दाट थर आलटून पालटून येतात. फार बारीक तपशील भरड थरात आला की तो चुरतो. सागवानातील सिलिकामुळे पटाशीची धारही लवकर बोथटते. म्हणजे सागवान टिकाऊ असले तरी अतिसूक्ष्म जाळीस ते स्वभावतः अनुकूल नाही. त्यात रुंद पाने, ठसठशीत वळणे आणि मोजकी छिद्रे शोभतात. याच वनातील हळदूचे लाकूड एकसारख्या बारीक पोताचे असते आणि फण्यांसाठी ते पूर्वीपासून नावाजलेले आहे.

आज बाजारात मिळणाऱ्या यंत्रनिर्मित जाळ्यांना हाच निकष लावून पाहता येतो. संगणकचलित फिरत्या पात्याने कापलेल्या छिद्राचे आतील कोपरे पात्याच्या त्रिज्येएवढे गोल राहतात आणि कडा सरळ उभ्या उतरतात. यंत्राला आराखडा दिलेला असतो. फळीतील रेषेची जाण त्याला नसते. म्हणून अशा जाळ्या बहुधा रेषाच नसलेल्या दाबीव तक्त्यांत कापल्या जातात. तेथे लाकडाशी होणारा संवादच संपुष्टात येतो.

मुलचेरा परिसर : लाकूड आणि कला

मुलचेरा तालुक्यात माडिया-गोंड व इतर आदिवासी समाजांबरोबरच, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून येऊन वसविले गेलेले बंगालीभाषक राहतात. लगतच्या आलापल्लीचे सागवान सर्वदूर प्रसिद्ध आहे. मध्य भारतातील आदिवासींच्या काष्ठकलेची महत्त्वाची नोंद व्हेरियर एल्विन यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. शेजारच्या बस्तरमधील कोरीव स्तंभ, दारे, तंबाखूच्या डब्या आणि फण्या त्यात आढळतात. ही कला मुख्यतः घन ओंडक्याची व उथळ कोरणीची आहे. जाळीदार उठावकामाशी तिचे थेट नाते जोडणे घाईचे ठरेल.

तथापि फणीकडे पाहण्याचा एक वेगळा दृष्टिकोन संभवतो. फणी हे रिक्त जागांचेच शिल्प आहे. तिचे दात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने कापले जातात. आडवे कापले तर ते पहिल्याच वापरात मोडतील. म्हणजे जाळीकामाचा मूलभूत नियम फणी घडविणाऱ्या हाताला पूर्वीपासून ज्ञात आहे. म्हणून या परिसरात जाळीदार उठावकामाचे शिक्षण द्यावयाचे झाल्यास सहारनपूरच्या द्राक्षवेलीचा आराखडा आणून गिरविण्याची आवश्यकता नाही. जो नियम हाताला माहीत आहे तेथूनच प्रारंभ करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

खरी अडचण कौशल्याची नाही, लाकडाच्या उपलब्धतेची आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील सागवान बल्लारपूरहून समारंभपूर्वक रवाना झाले. त्या दारांवरील कोरीवकाम तमिळनाडूतील कारागिरांनी केले. त्या कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. प्रश्न इतकाच की, ज्या वनाचे लाकूड देशभर सन्मानाने जाते त्या वनातील कारागिराला फळीभर सागवान कोठून मिळावे? वनहक्क कायदा, २००६ याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. परंतु गौण वनोपजाच्या व्याख्येत इमारती लाकूड येत नाही. बांबूच्या कारागिराला जी वाट मोकळी झाली ती काष्ठशिल्पकाराला अद्याप मोकळी झालेली नाही.

या मर्यादेला सरसकट अन्याय म्हणणे उचित होणार नाही. साग वाढण्यास अनेक दशके लागतात आणि अनिर्बंध तोडीचे परिणाम सर्वज्ञात आहेत. मात्र जाळीदार उठावकामास ओंडका लागत नाही. हातभर लांबीची, बोटभर जाडीची फळी त्यास पुरते; आगारातील तुकडे आणि कापणीतील उरलेले भाग यांतूनही ती मिळू शकते. वनसंरक्षण आणि कारागिरी यांतील विरोध या कलाप्रकारात सर्वांत कमी आहे.

समारोप

जाळीदार उठावकामाचे सौंदर्य रिक्त आणि शेष यांच्या संतुलनात आहे. जे काढले त्याने प्रकाश येतो, जे उरले त्याने फळी उभी राहते. हाच निकष परिसराला लावला तर दिसते की, मुलचेऱ्याच्या वनातून लाकूड बाहेर गेले, पण येथे काय उरले याचा हिशेब मांडला गेला नाही. तो मांडण्याचे दायित्व काही अंशी महाविद्यालयांचेही आहे. परिसरातील घरांत शिल्लक असलेल्या फण्या, दारे आणि अवजारे यांची मोजमापांसह व स्थानिक नावांसह नोंद करणे, आणि आगारातील तुकडे कारागिरांना रास्त दराने मिळावेत यासाठी अभ्यासपूर्ण प्रस्ताव मांडणे, हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनही साध्य होण्याजोगे आहे. आधाराची फळी वेळेवर लावली तर दुबळे झालेले कामही घाव सोसते, हा या तंत्राचाच धडा आहे.