मूर्खलक्षण : जुनें आणि नवें

कार्लो चिपोला या इटालियन अर्थेतिहासकाराचा मानवी मूर्खपणावरील छोटेखानी निबंध १९७६ सालीं प्रथम खासगी रीतीनें छापला गेला. आज तो बहुधा विनोद म्हणूनच वाचला जातो. वाचतांना हसूं येतें हें आम्हांसही कबूल आहे. परंतु त्यांतील व्याख्या हसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. स्वतःचा कांहींच लाभ नसतां, प्रसंगीं स्वतःची हानि सोसूनही, जो दुसऱ्याचें नुकसान करतो तो मूर्ख. लुटारू निदान आपलें घर तरी भरतो. म्हणून मूर्ख हा लुटारूहूनही घातक, असें ग्रंथकाराचें मत आहे.

आपणांस हा विषय नवा नाहीं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांतील पहिला समास मूर्खलक्षणांचा व दहावा पढतमूर्खाचा आहे. समर्थांची यादी लांबलचक. तींत एकच एक व्याख्या शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं, आणि येथें चिपोलांची सरशी मान्य केली पाहिजे. विद्येनें मूर्खपणा जात नाहीं, याविषयीं मात्र दोघांचें एकमत आहे. चिपोलांनीं प्राध्यापकांनाही सोडलेलें नाहीं!

खरा भेद पुढेंच आहे. चिपोलांच्या मतें मूर्खपणा रक्तगटासारखा जन्मजात असतो. समर्थ लक्षणें सांगतात तीं श्रोत्यानें टाकावींत म्हणून.

१८ मे २०२५ रोजीं पहांटे सोलापुरांतील अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्यें एका टॉवेल कारखान्यास आग लागली. आठ जीव गेले. त्यांत मालक होते, त्यांच्या कुटुंबांतील माणसें होतीं, एक लहान मूल होतें आणि कामगारही होते. राहणें कारखान्यांतच होतें. या मृतांस कोणी मूर्ख म्हणेल तर तें क्रौर्य होईल, आणि असत्यही. सुताच्या साठ्यालगत बिऱ्हाड करण्याची रीत एका माणसाची नव्हे. मालाची राखण होते, येण्याजाण्याचा वेळ वांचतो, कामगाराचें भाडें वांचतें. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागीं शहाणपणाचाच असतो. लाभ सर्वांस दिसतो, धोका मात्र सर्वांच्या मिळून वांट्यास येतो. चिपोलांच्या चौकटींत माणसें एकेकटीं उभीं आहेत; तेथें अशा रीतीला जागाच नाहीं. समर्थांची विस्कळीत वाटणारी यादी माणसाच्या जातीची नसून वागण्याची आहे, आणि वागणें बदलतां येतें. रक्तगटाचा दृष्टांत स्वीकारला, तर दुसरा जिना बांधण्याचें कारणच उरत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो इतकाच.

बाकी निबंध एका बैठकींत वाचून होतो. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांनीं तो मुळांतूनच वाचावा; चिपोलांनीं तो प्रथम इंग्रजींतच लिहिला होता.