पाना, तक्ता आणि न दिसणारा ताण

बलाचे आघूर्ण शिकवताना आपल्या पाठ्यपुस्तकांना दोनच उदाहरणे सुचतात, एक दाराचे आणि दुसरे पान्याचे. बिजागरीजवळ ढकलले तर दार जड जाते, दांडा लांब असला तर पान्याने नट सहज फिरतो. बल गुणिले लंब अंतर, एकक न्यूटन-मीटर, आणि धडा संपला. नट आवळायचा कशासाठी, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. आवळल्यावर बोल्ट किंचित लांबतो, ताणलेल्या स्प्रिंगसारखा परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. आपल्याला हवा असतो तो हा ताण. आघूर्ण हे तिथे पोचण्याचे साधन आहे.

हीच गफलत मोटारींच्या दुरुस्ती-पुस्तिकांत दिसते आणि तिथे तिची किंमत मोजावी लागते. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांच्या आवडत्या फोक्सवॅगन बीटलचे उदाहरण घेऊ. ही गाडी २००३ सालापर्यंत मेक्सिकोत बनत होती. एकूण दोन कोटी दहा लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या, त्यामुळे तिच्या पुस्तिका जगभर वाचल्या गेल्या. त्यांत एक तक्ता असतो: कोणता नट, किती आघूर्ण. तेल गाळणीच्या झाकणाचे नट ०.७ मीटर-किलोग्रॅम, सिलिंडर हेडचे १० मिलिमीटर स्टडवरचे नट ३.२, मागच्या ॲक्सलचा मोठा नट ३०. (मीटर-किलोग्रॅम म्हणजे १ मीटर लांब दांड्याच्या टोकाला १ किलोग्रॅम वजन टांगल्यावर मिळणारे आघूर्ण, सुमारे ९.८ न्यूटन-मीटर.)

तक्त्याची थोरवी आधी मान्य करू. तेलाच्या झाकणाला लागणारे आघूर्ण अवघे ७ न्यूटन-मीटर आहे. १४ सेंटिमीटरच्या छोट्या पान्यावर त्यासाठी ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. सवयीने जोर लावणारा हात सहज त्याच्या तिप्पट-चौपट लावतो. मग झाकणाचा पातळ पत्रा वाकतो आणि तेल अधिकच गळते, किंवा स्टड इंजिनाच्या कवचातून आट्यांसकट उपटून येतो. हे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे पोलादापुढे मऊ. उलट ॲक्सलच्या नटाला ३० मीटर-किलोग्रॅम, म्हणजे २९४ न्यूटन-मीटर लागतात. ६० किलोग्रॅमच्या माणसाने आडव्या दांड्यावर नटापासून अर्ध्या मीटरवर शांतपणे उभे राहावे, तेव्हा एवढे होते. एकाच गाडीत चाळीसपटीहून मोठा फरक! तो मनगटाच्या अंदाजाने सांभाळला जात नाही.

पण तक्ता जे सांगत नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. हेडचा नट घ्या. ३.२ मीटर-किलोग्रॅम म्हणजे ३१ न्यूटन-मीटर. अभियंते कामचलाऊ सूत्र वापरतात: आघूर्ण बरोबर एक गुणांक, गुणिले बोल्टचा व्यास, गुणिले ताण. कोरड्या पोलादी आट्यांसाठी गुणांक साधारण ०.२ धरतात. त्यावरून ताण येतो १५,५०० न्यूटन. आता वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी कार्याचा हिशेब करावा. या स्टडवर नट एक फेरा फिरला की १.५ मिलिमीटर पुढे सरकतो. घर्षण मुळीच नसते, तर हा ताण येण्यासाठी ताण गुणिले १.५ मिलिमीटर भागिले २π, म्हणजे ३.७ न्यूटन-मीटर एवढेच आघूर्ण पुरले असते. आपण लावतो ३१. जवळजवळ आठपैकी सात भाग आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणावर खर्च होतात.

इथेच तक्त्याचा अपुरेपणा उघडा पडतो. तेच आटे तेलाने भिजले आणि गुणांक ०.१५ झाला, तर त्याच ३१ न्यूटन-मीटरला ताण एक-तृतीयांशाने वाढतो. आटे गंजलेले असले तर कमी होतो, आणि पान्याला दोन्हीतला फरक कळत नाही. चांगला टॉर्क रेंच आघूर्ण ४ टक्क्यांच्या आत दाखवतो, पण नुसत्या आघूर्णावर विसंबून आलेल्या ताणात २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होणे नेहमीचे आहे. अनेक तक्त्यांत मात्र आकडा ठळक आणि आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचे हे कुठेतरी कोपऱ्यात, किंवा नाहीच. प्रयोगवहीत तापमान न लिहिता वायूचा दाब लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो. इथे छापील पुस्तिकेला तीच सवलत का द्यावी?

एककांचा घोळ वेगळाच. जर्मन पुस्तिकेत ३.२ मीटर-किलोग्रॅम, अमेरिकी आवृत्तीत २३ फूट-पौंड, आजच्या रेंचवर ३१ न्यूटन-मीटर. २३ हा आकडा न्यूटन-मीटर समजून लावला तर नट पाऊण हिस्साच आवळला जाईल. ३१ फूट-पौंड समजून लावला तर ४२ न्यूटन-मीटर होतील आणि मऊ कवचातले आटे जाण्याची भीती.

पुस्तिकेत शहाणपणाच्या जागाही आहेत, फक्त त्यांची कारणे दिलेली नाहीत. प्रत्येक हेडचे आठ नट आधी सुमारे १ मीटर-किलोग्रॅमपर्यंत एका क्रमाने आणि मग ३.२ पर्यंत दुसऱ्या क्रमाने आवळायचे असतात. एकदम एका कोपऱ्यात आवळले तर हेड तिरके बसते. ॲक्सलच्या नटाबाबत तर पुस्तिका स्वतःच आकडा ओलांडते: खिळपिनेचे छिद्र जुळले नाही, तर नट आणखी आवळून जुळवायचा, सैल करून कधीही नाही. म्हणजे तिथला आकडा ही खालची मर्यादा आहे, आणि कोष्टकात ते कुठेही लिहिलेले नाही.

रेंचकडून चुकीची अपेक्षाही केली जाते. ‘खट्’ आवाजाचा रेंच संथपणे ओढावा, पहिल्या आवाजाला थांबावे, त्याने नट सोडवू नये आणि काम झाल्यावर स्प्रिंग सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवावी. हे सगळेच सांगतात. पण आवळलेला नट तपासण्यासाठी पुन्हा ‘खट्’ करून पाहणे निरर्थक आहे. नट दुप्पट आवळलेला असला तरी आवाज तोच येतो. शिवाय स्थिर घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असल्याने थांबलेला नट हलण्याआधीच आवाज येऊ शकतो.

वर्गात हे दाखवायला मोटार नको. सायकलच्या सीटखालची एक स्प्रिंग, तिच्यातून जाईल असा लांब बोल्ट, दोन वायसर, नट, पाना आणि स्प्रिंगकाटा एवढे पुरे. बोल्टचे डोके पक्कडीत धरून नट आवळा आणि स्प्रिंग ठरलेल्या लांबीपर्यंत दाबली जाईल तेव्हा पान्याच्या टोकाशी काटकोनात धरलेल्या काट्याचे वाचन घ्या. स्प्रिंगची लांबी तीच म्हणजे बोल्टमधला ताण तोच. आता आट्यांना तेल लावून पुन्हा करा, मग गंजलेला बोल्ट घेऊन करा, आणि तिन्ही वाचने फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.