भूत कोणासाठी येते?

आशुतोष गोवारीकरांच्या 'मोहेंजो दारो'च्या (२०१६) सुरुवातीलाच एक मगर आहे. नायक सरमन सोबत्यांना घेऊन नदीत उतरतो आणि त्या अजस्र जनावराशी झुंजतो. हे दृश्य जबलपूरजवळ भेडाघाटला, नर्मदेच्या संगमरवरी कड्यांमध्ये चित्रित झाले. मगर संगणकावर घडवलेली, नायक हृतिक रोशन, दिग्दर्शक 'लगान' करणारा. एवढे सगळे हाताशी असूनही हे दृश्य भीती दाखवत नाही आणि गंमतही देत नाही. असे का व्हावे, या प्रश्नात मला भयपटाचा सगळा मामला दडलेला दिसतो.

जागेत काही कमी नाही. धुआंधार धबधब्याला आदळून, धुरळा उडवून आलेली नदी पुढे दोन्ही बाजूंच्या सुमारे शंभर फुटी कड्यांमध्ये शिरते आणि एकाएकी गप्प होते. पाणी हिरवे, खोल, जवळजवळ न हलणारे. बंदरकूदनीपाशी कडे इतके जवळ येतात की एके काळी माकडे या काठावरून त्या काठावर उडी मारत, असे सांगतात. नर्मदेचे वाहनच मगर. परिक्रमेला जाणाऱ्या मराठी माणसाला हे सांगावे लागत नाही. असल्या पाण्याकडे कॅमेरा नुसता थोडा वेळ रोखून धरला असता तरी काम झाले असते. पण चित्रपटाला पाण्याशी देणेघेणे नाही. त्याला सरमनचे शौर्य दाखवायचे आहे आणि पहिल्याच प्रसंगात नायक मरत नसतो हे आपल्याला ठाऊक असते. मगर सरमनसाठी आलेली नाही, ती आपल्याला दाखवण्यासाठी आणली आहे. तरीही चित्रपट इतक्या गंभीर चेहऱ्याने वावरतो की आरडाओरडा करत मजा लुटण्याचीही सोय उरत नाही.

त्याच पाण्यात नाव वल्हवणारे नावाडी घाबरवून मजा देण्याचे हे काम फार चांगले करतात. ते यमके जुळवत बोलतात. पाणी किती खोल आहे हे सांगून आधी घाबरवतात, लगेच एखादी कोटी करतात, कुठल्या खडकावर कुठल्या सिनेमाचे गाणे झाले ते दाखवतात. नावेतले लोक किंचाळतात आणि हसतात, दोन्ही एकाच श्वासात. ही भीती उघडउघड प्रवाशांसाठी रचलेली असते, आणि काठाला लागेपर्यंतच टिकते. मसालेदार भूतपटाचा आनंद नेमका हाच आहे आणि त्याला कमी लेखणे मला मान्य नाही.

घाटाच्या वरच्या टेकडीवर मात्र वेगळी गोष्ट आहे. दहाव्या शतकात कलचुरींच्या काळात उभे राहिलेले चौसष्ट योगिनींचे मंदिर गोलाकार, वरून उघडे आहे. नाव चौसष्टचे, कोनाडे एक्याऐंशी. मूर्ती फोडलेल्या, कोणाचे हात गेलेले, कोणाचा चेहरा. काहींची मुखे पशूंची, बैठकीवर नावे कोरलेली. सगळ्या मूर्तींची तोंडे आतल्या बाजूला आहेत. अंगणात उभे राहिले की आपण त्यांच्या मध्ये असतो, पण त्यांना आपल्याशी काही कर्तव्य नसते. त्यांचे काही चालले आहे आणि आपण चुकून तिथे पोहोचलो आहोत, असे वाटत राहते. चांगल्या भयपटाने जे करावे असे मला वाटते, ते हे.

म्हणून माझा निकष साधा आहे. मसालेदार भूतपटात भूत प्रेक्षकासाठी येते, चांगल्या भयपटात ते पात्रासाठी येते. पैसा, तंत्र, रक्त किती सांडले, शेवटी उलगडा होतो की नाही, या गोष्टी त्यानंतरच्या.

मसालेदार भूतपट काढणाऱ्या रामसे बंधूंची सुरुवातच हा निकष स्पष्ट करते. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये भयंकर मुखवटा चढवलेल्या पृथ्वीराज कपूरांचा चोरीचा प्रसंग होता. चित्रपट पडला, पण लोक तेवढ्या प्रसंगासाठी येत होते. ते रामसेंनी हेरले आणि १९७२ मध्ये महाबळेश्वरला जाऊन 'दो गज जमीन के नीचे' केला. म्हणजे आधी प्रेक्षकाचे दचकणे सापडले, कथा त्यासाठी नंतर शोधली गेली. त्यांचा 'पुराना मंदिर' (१९८४) मला आजही आवडतो. अनिरुद्ध अग्रवालचा राक्षस सामरी, एकीकडे धड आणि दुसरीकडे मुंडके, आणि मध्येच जगदीपचे 'शोले'ची नक्कल करणारे उपकथानक. पण त्यात एक खरोखर भयानक कल्पना आहे. राजघराण्याला शाप असतो की त्या घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. म्हणून बाप मुलीच्या प्रेमाच्या आड येतो. प्रेमापोटी मुलीचे आयुष्य कोंडून ठेवणारा बाप, हे आपल्या घराघरांतले दुःख आहे. चित्रपट ते पाच मिनिटे हाताळतो आणि मारामारीकडे वळतो. त्याची मजा तिथे सुरू होते, भीती मात्र तिथेच संपते.

बाळंतपणाची हीच भीती विशाल फुरियांच्या 'लपाछपी'ने (२०१७) शेवटपर्यंत धरून ठेवली. गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडात हरवलेल्या एका घरात येते. पूजा सावंतची नेहा आणि उषा नाईकांची त्या घरातली तुळसाबाई यांच्यामध्ये जो ताण आहे, तो सुनेला भरवणाऱ्या, जपणाऱ्या आणि त्याच वेळी तिच्या पोटाकडे बघणाऱ्या घरांमधला ताण आहे. भुते आहेत, लहान मुले लपंडाव खेळतात, पण ती सारी 'मुलगी नको' म्हणणाऱ्या घरातून आलेली आहेत. महाराष्ट्रात बसून हे पाहताना ऊस नुसता ऊस राहत नाही. शेवटी चित्रपट सगळे नको तितके समजावून सांगतो, ही त्याची खोट मला खुपते. तरीही मराठी भयपटाचे गेल्या दहा वर्षांतले सर्वांत भक्कम काम मी याच चित्रपटाला म्हणेन.

हिंदीतला असला तरी 'तुंबाड' (२०१८) मराठी मातीतलाच. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने भयकथाकार नारायण धारपांची कथा सांगितली, तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात होती. धारपांची 'आजी' ही स्टीफन किंगच्या कथेवरून आलेली. 'लुचाई'ही किंगच्याच कादंबरीवर उभी. याचे मला वावडे नाही. कल्पना कुठूनही येवो, ती आपल्या माजघरात राहायला आली की आपली होते. बर्वे यांनी तिला पाऊस दिला, कोकणस्थ वाडा दिला, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे नायक विनायकाची हाव दिली. १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन टप्प्यांत खाली दडलेला दैत्य हस्तर आपली जागा सोडत नाही. तोच माणूस पुन्हा पुन्हा दोर धरून खाली उतरतो. हस्तर कणकेच्या बाहुलीवर तुटून पडतो तेव्हा मी दचकतो; पण विनायक आपल्या मुलाला घेऊन खाली जातो तेव्हा पोटात गोळा येतो, तो वेगळ्याच कारणाने.

सध्या चलती आहे ती भयविनोदाची. आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' (२०२४) मी आनंदाने पाहिला, पण त्याचा सुरुवातीचा भाग वेगळ्याच चित्रपटाचा आहे. १९५२ चे कोकण, मुंडन केलेला गोट्या, रात्रीचे जंगल, बळी द्यायला सोबत आणलेली लहान बहीण. त्या रात्रीतून वाचलेली बहीण पुढे सुहास जोशींची आजी होते. आयुष्यभर हे गुपित पदराखाली धरून जगलेल्या त्या म्हातारीचा चित्रपट कोणीतरी करायला हवा होता. झाला तो नातवाचा आणि संगणकावरच्या खोडकर भुताचा. त्याला लोकांनी भरभरून प्रतिसाद दिला, आणि त्यात गैर काही नाही. चिंता एवढीच की आता प्रत्येक निर्मात्याला भुताच्या शेजारी एक विनोदी मित्र हवा असेल. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांमध्ये असा मित्र नाही. तिथे चाळ आहे, मध्यमवर्गीय जोडपे आहे, आणि कोणीतरी मनात काही धरून बसले आहे. 'गहिरे पाणी' मालिकेने त्यांतल्या काही कथा पडद्यावर आणल्या, मोठ्या पडद्याने मात्र त्यांच्याकडे फारसे पाहिलेले नाही.

लोकांना हसवल्याशिवाय भीती खपत नाही, असे कारण दिले जाते. 'तुंबाड' पहिल्यांदा लागला तेव्हा चित्रपटगृहे भरली नव्हती हे खरे. पण सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई केली. तोवर तो कित्येकांनी घरी, मोबाइलवर पाहिलेला होता. हस्तर कुठे आहे आणि विनायकाचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. दचकण्यासारखे काही उरलेले नसताना ही माणसे तिकीट काढून अंधारात जाऊन बसली.