भिजलेली छायाचित्रे

आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त नॉर्वेतील बर्गन या बंदराच्या गावी दोन वर्षे राहिला. गेल्या श्रावणात तो टोकरखाड्यातील घरी आला, तेव्हा तेथील छायाचित्रांचा अल्बम माझ्या हाती देऊन म्हणाला, "सर, मराठीच्या पेपरासारखा तपासा." तपासताना जे सुचले, ते येथे मांडतो.

पहिली वीसेक पाने निळ्या आकाशाची. ब्रिग्गेन ही बंदराकाठची रंगीत लाकडी घरांची रांग त्यांत पुन्हा पुन्हा येते. चित्रे नेटकी आहेत. पण ती कोणत्याही कॅलेंडरात खपून जातील. बर्गनला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बाराही महिने. अशा गावाची फक्त उघडीप टिपणे म्हणजे माणसाचा फक्त लग्नातला फोटो जपणे.

पुढे मात्र कॅमेरा दोन घरांमधल्या अरुंद बोळात शिरतो आणि अल्बममध्ये जीव येतो. ओल्या फळ्या, पागोळ्या आणि उलटी झालेली छत्री सावरणारी त्याची पत्नी. चौदाव्या शतकात येथे जर्मन व्यापाऱ्यांची वखार आली. सुकवलेल्या कॉड माशांचा व्यापार चाले. १७०२ च्या आगीत घरे जळाली, तेव्हा लोकांनी जुन्याच आखणीवर पुन्हा लाकडाचीच घरे उभारली. १९७९ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली. ही चिकाटी रंगवलेल्या दर्शनी भिंतींत दिसत नाही; त्या ओल्या बोळात दिसते.

दोष एकच, पण मोठा. एकाही चित्राखाली तारीख नाही, नाव नाही. आपल्या द्विभाषिक घरांत तर ती ओळ कोणत्या भाषेत लिहावी, या विचारातच राहून जाते. उद्या मुले विचारतील, ही छत्री कोणाची?

मग मी आमच्या घरचा अल्बम काढला. बारशी, मुंजी, डिसेंबरातली दमणची सहल. पाऊस एकाही पानावर नाही. मृग लागला की आमचा कॅमेरा कपाटात! सिल्वासा मुक्त झाले ते २ ऑगस्ट १९५४ रोजी, श्रावणात. वडील ती हकिगत सांगत, तेव्हा सुरुवात चिखलापासून करीत. त्यांचा पावसातला एकही फोटो माझ्यापाशी नाही.

विद्यार्थ्याला मी शंभरपैकी सत्तर गुण दिले. उरलेले, चित्रांखाली मराठीत नावे-तारखा लिहून आणल्यावर. माझ्या अल्बमला किती द्यावेत, हे त्याला विचारण्याचे धाडस मात्र झाले नाही.